मोरीच्या पाण्यावरची बाग

तेरला आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा परसात हिरवं म्हणून एकच झाड होतं, डाळिंबाचं. न्हाणीच्या भिंतीला खेटून उभं होतं आणि मोरीचं सगळं पाणी त्याच्याच बुडात जायचं. बाकी परस म्हणजे उघडीबोडकी पांढरी माती. पाय टाकला की फुफाटा उडायचा. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आले होते, त्यांना परसाचं काय? धोतर वर धरून न्हाणीपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. मला मात्र पहिल्याच दिवशी ते परस बघून राग आला. दोन बिऱ्हाडांच्या आंघोळीचं पाणी रोज वाहून चाललंय आणि माणसं कोथिंबीर बाजारातनं आणतात, याला काय म्हणायचं?

माझं माहेर उमरग्याकडचं. तिकडं वडलांनी अंगणातल्या एवढ्याशा जागेत बाग केली होती आणि ती उन्हाळ्यातसुद्धा जगायची, कारण घरातलं थेंबभर पाणी ते गटारात जाऊ द्यायचे नाहीत. भांड्यांचं राखेचं पाणी वेलाला, आंघोळीचं केळीला आणि कर्दळीला, माठाखालचा ठिबका मोगऱ्याला. वाफा असा आखायचा की एकाची सावली दुसऱ्याच्या मुळावर पडली पाहिजे. भांडायला आणि बाग करायला मी त्यांच्याकडूनच शिकले. दोन्ही अजून सुटलेलं नाही.

घराचे मालक पुढच्या दोन खोल्यांत राहायचे. निजामाच्या वक्ताला तहसिलीत कारकुनी केलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. अक्षर उर्दू, बोलणं मोजकं. त्यांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. मागच्या दोन खोल्या आमच्या. धाब्याचं घर, न्हाणी सामायिक. मी काकूंना म्हटलं, "परसात जरा बाग करते. तुमची काही हरकत?"

"कर की," त्या म्हणाल्या. "पण डाळिंबाचं पाणी तोडायचं न्हाय. आधी त्याला, मग राहिलेलं तुझ्या बागंला."

मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "एवढ्या एका झाडाला दोन घरांचं पाणी कशाला लागतंय?"

"त्याच्या वारेवर लावलंय ते," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

तो म्हणजे त्यांचा मुलगा. बाळंतपणात बाळामागोमाग पडणारी वार न्हाणीपाशी पुरायची, म्हणजे आईच्या आणि बाळाच्या आंघोळीचं पाणी वरून जात राहतं, बाळ थंड राहतं, ही रीत आमच्याकडं सगळ्या घरांत होती. काकूंनी त्यावर डाळिंब लावलं होतं. मुलगा एकुलता एक. विलीनीकरणाच्या आदल्या सालात, रझाकारांच्या धामधुमीत, सोळा वर्षांचा असताना निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कँपात जातो म्हणून भाकरी बांधून गेला. परत आला नाही. मेल्याची खबर नाही, जित्याची नाही. कँपातनं परतलेल्या पोरांनी सांगितलं, आमच्यात नव्हताच.

आता त्याला बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग दहावं-बारावं करून मोकळं व्हायचं, असं शास्त्र. काकांचं म्हणणं, यंदा ते उरकून टाकू. काकूंचं म्हणणं, झाड हिरवं आहे तोवर माझं पोरगं आहे. हे भांडण त्या घरात रोज चालायचं, आणि आवाज न चढवता चालायचं. भिंतीपलीकडनं मला ऐकू यायचं. माझ्यासारख्या बाईला आवाज न चढवता भांडण कसं करतात हेच कळत नव्हतं. 

मी बाग आखली. तेर म्हणजे दोन हजार वर्षांचं जुनं गाव, तिथली जमीन खणायला घ्यावी आणि काही निघू नये असं होतच नाही. हातभर लांब जुन्या विटा निघाल्या, त्या वाफ्यांच्या कडेला वळण देऊन लावल्या. खापराचे तुकडे पाटात अंथरले, म्हणजे माती वाहत नाही आणि ओलही टिकते. मणी निघायचे, ते शेजारच्या पोरी घेऊन जायच्या. एकदा शंखाची बांगडी निघाली, अख्खी. इतकी लहान की माझी तीन बोटंही आत जाईनात. कुणा तान्ह्याची असणार. मी ती उचलून काकूंना दाखवायला निघाले, मग कशी कोण जाणे, परत मातीत ढकलली आणि वरनं पाय दिला.

मांडव घातला. त्यावर दुधी सोडला. मांडवाखाली अळू, बाजूला कर्दळीची रांग, कोपऱ्यात केळीचे दोन कोंब, पुढं वांगी, आणि आमच्या दाराशी मोगरा. आषाढात लावलेलं दिवाळीपर्यंत असं भरलं की रस्त्यानं जाणाऱ्या बायका कुंपणाशी थांबायच्या. काकासुद्धा संध्याकाळी मांडवाखाली पाट टाकून बसायला लागले. पण काकूंचं लक्ष एकाच झाडाकडं. रोज आंघोळीला बसताना त्या पाट सरकवून मोरीच्या तोंडाशी बसायच्या, तांब्या खांद्यावर ओतायच्या आणि पाणी डाळिंबाकडं जाताना वळून बघायच्या. कधी कधी काहीतरी बोलायच्या पण. न्हाणीत एकटी बाई, आणि बोलणं असं की समोर कोणी बसलंय.

खरी गोष्ट उन्हाळ्यात सुरू झाली. होळीनंतर ऊन पेटलं. सकाळचं पाणी पाटात सोडलं की दहापर्यंत वाळून जायचं. तेव्हा मी एक जुना रांजण मिळवला, डाळिंबाच्या पलीकडं गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, आतनं चुना लावला आणि मोरीचा पाट त्याच्या तोंडाशी नेला. आधी डाळिंबाचं आळं भरायचं, उतू गेलेलं रांजणात पडायचं. दिवसभर झाकून ठेवायचं, संध्याकाळी ऊन उतरलं की डब्यानं उपसून वाफ्यांना द्यायचं. मी स्वतःवर खूश होते. वडलांना कळवायला हवं असं मनात आलं.

आठ दिवस नीट गेले. मग एका संध्याकाळी झाकण काढलं तर रांजण रिकामा. तळाला गाळ तेवढा.

मी आधी यांना धरलं. "तुम्ही पाय धुतलेत का यातनं?" हे म्हणाले, "अख्खा रांजण ओतून पाय धुवायला मी काय हत्ती आहे?" मग शेजाऱ्यांच्या शेळीवर आळ घेतला. शेळी बिचारी दाव्याला. दुसऱ्या दिवशी झाकणावर दगड ठेवला. दगड जागेवर, पाणी नाही. रांजण फुटला असेल म्हणून पुन्हा चुना लावला, दोन दिवस वाळू दिला, भरला. सकाळी नऊला बघितलं, काठोकाठ. अकराला बघितलं, काठोकाठ. जेवण करून गेले तर कोरडा.

मोगरा सुकला. केळीची पानं काठानं करपली. आणि डाळिंब बघावं तर नवी पालवी, लाल लाल कळ्या. काकू म्हणाल्या, "बघितलंस? कसा टवटवीत झालाय." त्या झाडाबद्दल बोलतायत की मुलाबद्दल, मी विचारलं नाही.

मी तापट बाई. माझ्या बागेचं पाणी कोण चोरतंय ते बघायचंच म्हणून एक दिवस जेवण लवकर आटपून मांडवाखाली गोणपाट टाकून बसले. बाराचा सुमार. त्या वेळेला आमच्याकडं पोराबाळांना परसात जाऊ देत नाहीत. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा मोरीच्या सावलीत निपचित. ऊन असं की समोरची भिंत हलल्यासारखी दिसत होती. मी झाकण मुद्दाम काढून ठेवलं होतं. पाण्यावर उन्हाचा कवडसा पडला होता, तो दुधीच्या पानांवर दिसत होता. स्थिर.

मग तो कवडसा थरथरला.

वारा नव्हता. पानही हललं नाही. पाणी मात्र काठापासून खाली उतरायला लागलं, आणि आतनं आवाज आला. घट. जरा थांबून, घट घट. लांबून चालत आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो आणि श्वास घ्यायला मध्ये थांबतो ना, तसा.  उठावं म्हटलं तर उठता येईना. पाणी संपलं तेव्हा शेवटी एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि मग पुन्हा सगळं गप.

मान वळवली तर काकू मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

या गोष्टीचं कारण मला पुढं कळलं, ते इथंच सांगून टाकते. दोन वर्षांनी यांची बदली भूमला झाली. रांजण बरोबर न्यावा म्हणून मी एकटीच उकरत होते. त्याच्या बुडाखाली भाजलेल्या मातीची कडी निघाली, एकावर एक रचलेली, खाली अंधारात जाणारी. जुन्या काळच्या लोकांची विहीर म्हणा, पाणी जिरवायचा खड्डा म्हणा. रांजणाच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक होतं, चुन्याचा पहिला थर त्याच्यावरनं सुटला होता आणि दुसरा धरलाच नव्हता. तेव्हा पाणी कुणी पीत नव्हतं, जमीन गिळत होती, आणि तीच ओल डाळिंबाच्या मुळांना मिळत होती. मी तो खड्डा पुन्हा बुजवला आणि रांजण तिथंच सोडला. काकूंनी विचारलं, "का गं, नेत न्हाईस?" मी म्हटलं, "फुटलाय." त्यांना मी ते कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही तेच बरं झालं असंच मला आजही वाटतं. एवढं कळूनसुद्धा एक शंका माझ्या मनातनं गेलेली नाही. भोक तर सकाळीही असतंच ना. मग नऊला पाणी का जात नव्हतं, अकराला का जात नव्हतं, बरोबर भर दुपारीच का जायचं?

पण त्या वैशाखात आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. काकू आनंदल्या. खरंच आनंदल्या. वेणीफणी नीट करायला लागल्या. रोज दुपारी माझ्याबरोबर मांडवाखाली येऊन बसायला लागल्या. मला नको नको व्हायचं, पण त्यांना एकटं सोडवेना. रांजणाच्या काठाशी त्या गुळाचा खडा ठेवायच्या. पाणी उतरायला लागलं की त्यांचे ओठ हलायचे, दमानं, दमानं, असं. तान्ह्याला पाजताना म्हणतात तसं. मी माझ्या हातांकडं बघत बसायची. गुळाला मुंग्या लागायच्या आणि संध्याकाळपर्यंत खडा नाहीसा व्हायचा, पण मुंग्या मलाच दिसत होत्या. काकूंना मुंग्या दिसत नव्हत्या.

काका लांबून हे बघायचे. एकदा मला बाजूला बोलावून म्हणाले, "सूनबाई, तो रांजण काढून टाका. हात जोडतो." मी म्हटलं, "काका, आता काढला तर काकू मला परसात पाय ठेवू देतील का?" 

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी पाणी उतरत असताना काकूंचे ओठ हलले नाहीत. त्या नुसत्या बघत होत्या. आवाज थांबल्यावर म्हणाल्या, "हे कसलं पाणी आहे गं?"

"आंघोळीचं," मी म्हटलं.

"मोरीचं."

"व्हय."

काकूंनी घराकडं मान वळवली. मग म्हणाल्या, "घरात माठ भरलाय. दार मी बारा वर्षं लावलं न्हाय, दिवसा कधीच न्हाय. जिता असता तर दारातनं आला असता. आई पाणी दे म्हणाला असता. मोरीचं पाणी कशाला पिला असता?"

 ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या अंगावर काटा.

"त्याला आम्ही पाणी सोडलंच न्हाय," काकू म्हणाल्या. "गेलेल्याला तिळाचं पाणी सोडल्याबिगर प्यायला मिळत न्हाय. मी नको नको म्हणत राहिले. तो तहानेला राहिला, म्हणून हे पिऊ लालाय."

त्या उठल्या आणि सरळ पुढच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले, पडतील बिडतील म्हणून. काका पंचांग बघत बसले होते. काकू म्हणाल्या, "पुतळ्याचं बघा. लवकरचा दिवस धरा."

इतकी वर्षं जो माणूस हेच मागत होता त्याचं तोंड उतरलं. पंचांग हातातच राहिलं. म्हणाले, "आणखी एक वर्ष थांबू. बारा काय, तेरा काय."

"न्हाय," काकू म्हणाल्या. "तहान लागलीय त्याला."

काका भिंतीकडं तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला कळलं, या माणसाला विधी नको होता कधीच. बायको नको म्हणते आहे तोवर आपण हवा म्हणायचं, म्हणजे तो होणार नाही, असं काहीतरी त्यांचं चाललं असावं. मी माझ्या खोलीत आले आणि यांना सांगितलं. हे चष्मा पुसत बसले.

विधी तेरणेच्या काठावर व्हायचा होता. पण नदीत टिपूस नव्हता आणि वाळवंटात सावली नव्हती, म्हणून पुतळा परसातच माझ्या मांडवाखाली बांधायचा आणि मग नदीवर न्यायचा असं गुरुजींनी ठरवलं. सकाळीच आले. पळसाच्या देठांचा भारा आणि नारळ बरोबर होता. बसले आणि एकेक वस्तू मागायला लागले. दातांना डाळिंबाचे दाणे. मागच्या बहराचं एक फळ झाडावर अजून होतं, ते काकूंनी स्वतः तोडून दिलं. जिभेला केळीचं पान. मी कापून आणलं. तोंडाला दुधी. तोही वेलावरचा. मग वांगी मागितली, ती कशाला हे मी विचारलं नाही. डोळ्यांच्या कवड्या आणि केसांच्या वडाच्या पारंब्या सोडल्या तर बाहेरनं आम्हाला काही आणावं लागलं नाही. मी हौसेनं लावलेल्या बागेतनं एका माणसाचं अंग गोळा होत होतं, आणि ते मीच हातानं तोडून देत होते. शेवटी शेवटी विळी धरवेना.

गुरुजींनी दर्भ अंथरला आणि विचारलं, "उंची किती होती?"

काकांनी हात आडवा केला आणि आपल्या खांद्याशी धरला. "एवढा."

गुरुजी त्या मापानं देठ लावायला लागले. पाय झाले, कंबर झाली. काकू डाळिंबापाशी उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा तर बारका आहे."

"सोळाचाच होता की," काका म्हणाले.

"गेला तव्हा होता. वाढीचं पोरगं. आता अठ्ठावीस झाली त्याला. माझे भाऊ सगळे उंच आहेत, तो त्यांच्यावर गेलाय." त्या पुढं आल्या. "एवढासा बांधलात तर त्याला कसा पुरंल?"

गुरुजींनी काकांकडं बघितलं. काकांचा हात अजून खांद्याशीच होता. तो हात हळूहळू वर चढला, कानाशी आला, डोक्याशी आला, आणि डोक्याच्याही वर चार बोटं जाऊन थांबला. हात वर धरून ते त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. असा मुलगा त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

देठ कमी पडले. हे सायकल काढून गेले आणि पळसाचा दुसरा भारा घेऊन आले. गुरुजींनी पाय सोडून पुन्हा लांब बांधले. काकू सांगत गेल्या, खांदे अजून रुंद, छाती अजून भरलेली. गुरुजी बांधत गेले. झाल्यावर मागं सरकले. मांडवाखाली एक थोराड, उंच माणूस पडला होता, दर्भावर, उताणा. मी त्याच्याकडं सरळ बघू शकले नाही.

मांडव मी तीन हातांचा घातला होता. त्याची सावली त्याला पुरेना. गुडघ्यांपासून खालचे पाय बाहेर उन्हात आले. बारा वाजत आले होते. गुरुजी म्हणाले, "असू द्या, आता उचलायचाच आहे."  काकू गेल्या आणि पायांच्या पलीकडं, उन्हाकडं पाठ करून बसल्या. पदर दोन्ही हातांनी पसरून धरला, म्हणजे सावली त्या पायांवर पडेल. नदीवर न्यायला माणसं येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या.